जर्मनीला निघालेय, खातं कुठलं उघडू?

मिरजेतल्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या २७ वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. नाव-गाव गाळून थोडक्यात देते. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, जर्मनची बी-टू परीक्षा पास झालीय आणि दोन महिन्यांत बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्यातल्या एका रुग्णालयात रुजू व्हायचंय. एजंट म्हणतो, निघायच्या आधी 'इंटरनॅशनल अकाउंट' काढावंच लागतं, त्याचे ४५,००० रुपये. मैत्रीण म्हणते, मोबाइलवरचं ॲप पुरे. वडील म्हणतात, जिल्हा बँकेतलं खातं आहे ते तसंच चालू दे, बँकेला कशाला सांगायचं? वर त्याला भावाचं नाव लाव, म्हणजे तू पाठवलेले पैसे त्याला काढता येतील. मुलीच्या नावावर २० गुंठे आहेत, त्यांचं ऊसबिल याच खात्यावर येतं. ती पाठवेल त्या पैशांतून शेजारचं एक एकर तिच्याच नावावर घ्यायचं, असा घरचा बेत आहे. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षं चालायचेत. शेवटी ती लिहिते, 'काकू, एक चांगलं आंतरराष्ट्रीय खातं सुचवा, म्हणजे डोक्याचा ताप जाईल.'

ताप एका खात्यानं जाणार नाही, हे आधीच सांगून टाकते. बँकेत मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ परकीय चलनाच्या टेबलावर. पण 'आंतरराष्ट्रीय खातं' नावाचा फॉर्म माझ्या हातून कधी गेला नाही. खातं कुठल्या तरी एका देशात असतं आणि तिथल्या कायद्यानं चालतं. जर्मनीत तुझ्या पगाराचं खातं असेल, भारतात अनिवासीचं असेल आणि या दोन्हींमध्ये पैसे हलवणारी एखादी सेवा असेल. या सगळ्यावर एकच पाटी लावली की विकायला सोपं जातं, इतकंच. तुझा खरा प्रश्न निराळा आहे. पहिले सहा आठवडे तू कशावर जगणार, पगार कुठं जमा होणार आणि घरी येणारा पैसा कुणाच्या हातात पडणार? हे ठरलं की बँकेचं नाव हा किरकोळ मुद्दा उरतो.

एजंटचा विषय आधी संपवू. त्याला बहुधा ब्लॉक्ड अकाउंट म्हणायचं असावं, जर्मनमध्ये श्पेरकोंटो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच अशा खात्यात टाकून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिथं पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मोकळे होतात. आकडा मधूनमधून वाढतो, म्हणून अर्ज करायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर असेल तोच धरायचा. तू विद्यार्थिनी म्हणून जात नाहीयेस. तुझ्याकडे पगाराचा करार आहे, आणि पोट कशावर भरणार याचा पुरावा म्हणून सहसा तोच चालतो. तुझ्या व्हिसाची कागदपत्रांची यादी स्वतः वाच. ब्लॉक्ड अकाउंट त्यात नसेल तर एजंटला लेखी विचार की हे कुठल्या नियमात आहे. यादीत असलं तरी ते घरबसल्या ऑनलाइन उघडता येतं, आणि त्याची फी ४५,००० रुपयांच्या आसपासही जात नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून सांगली-मिरजेकडून मला जर्मनीची पत्रं जास्त येतात. काही पालकांची असतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलांच्या शिक्षणासाठी बाहेर पैसे पाठवताना माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांच्या वर गेलात की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

आता तुझे वडील. बँकेपासून काही लपवावं म्हणून ते तसं सुचवत नसावेत, असं मला वाटतं. आपल्याकडं पासबुक म्हणजे घराची खूण असते. पोरगी सातासमुद्रापार निघालीय, निदान खातं तरी गावच्या शाखेत राहू दे, इतकीच माया असेल त्यात. पण कायदा मायेनं चालत नाही. नोकरीसाठी देश सोडलास की परकीय चलनाच्या कायद्यानं, म्हणजे फेमानं, तू निघाल्या दिवसापासून अनिवासी. लोक १८२ दिवसांचा हिशेब सांगतात तो तुझ्या बाबतीत प्राप्तिकरापुरता, या दोन्हींची गल्लत करू नकोस. अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यावं लागतं.

न कळवल्यास उद्या सकाळी पोलीस येतात का? नाही. म्हणूनच तर सगळे तसंच ठेवतात. माझा एक भाचा आखातात नऊ वर्षं होता, त्यानंही तेच केलं. मग फ्लॅट विकला आणि ती रक्कम तिकडं न्यायची म्हटल्यावर बँकेनं विचारलं, तुम्ही अनिवासी कधी झालात, आणि या नऊ वर्षांतल्या ठेवी निवासी म्हणून कशा? बँकेचं नाव घेत नाही, त्यांचं काही चुकलंही नव्हतं. पण भाच्याच्या सुट्टीचे दोन उन्हाळे त्या काउंटरवर गेले. शिवाय भारत आणि जर्मनी आता एकमेकांना खात्यांची माहिती आपण होऊन देतात, त्यामुळं 'कुणाला कळतंय' ही हमीही जुनी झाली.

अडचण अशी की सगळ्याच बँकांना अनिवासी खाती ठेवता येत नाहीत. व्यापारी बँका ठेवतात. सहकारी बँकांमध्ये परवानगी मोजक्यांनाच आहे आणि पतसंस्थेचा तर प्रश्नच येत नाही. तुझ्या शाखेत जाऊन सरळ विचार, 'एनआरओ होईल का?' नाही म्हणाले तर सांगली-मिरजेत एखाद्या व्यापारी बँकेत एनआरओ काढायचं, जुनं बंद करायचं आणि कारखान्याच्या शेती ऑफिसला नवा खाते क्रमांक द्यायचा. ऊसबिल हे भारतातलं उत्पन्न, त्याची जागा एनआरओतच. तुझ्या नावावर सोसायटीचं पीककर्ज असेल तर बिलातून वसुली होत असणार, मग आधी सोसायटीच्या सचिवांशी बोल. हंगाम सुरू झाला की या मंडळींना मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळं हे काम गाळपाच्या आधी उरक. २० गुंठ्यांच्या उसाची नोंद वडिलांच्या नावानं करता येते का, तेही तिथंच विचार. झाली तर खात्याचा एक व्याप कमी.

आता एनआरओ आणि एनआरई यांतला फरक. नुसती नावं पाठ करून तो डोक्यात राहत नाही, म्हणून आपल्याकडचाच दाखला देते. विट्याकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत. त्यांच्यातल्या एका घरात मी एक रीत पाहिली होती. परमुलखातल्या दुकानाचा गल्ला वेगळा आणि गावाकडच्या शेतीचा गल्ला वेगळा, एकाचा पैसा दुसऱ्यात पडू द्यायचा नाही. एनआरई हा तुझा परमुलखातला गल्ला. त्यात तू बाहेर कमावलेला पैसा येतो, इथं रुपयांत राहतो, भारतात त्याच्या व्याजावर कर नाही आणि वाटेल तेव्हा तो परत जर्मनीला नेता येतो. एनआरओ हा गावाकडचा गल्ला. ऊसबिल, घरभाडं, जुन्या ठेवी, जे काही इथलं असेल ते त्यात. त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे हातात पडायच्या आधीच कापलेला कर, आणि वर सेस कापला जातो. त्यातला पैसा बाहेर न्यायचा तर वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आणि सनदी लेखापालाच्या सहीचे कागद. ती मर्यादा ऐकून घाबरू नकोस, २० गुंठ्यांचा ऊस तिथवर पोचत नाही!

एक गोष्ट एनआरईची जाहिरात करणारे सांगत नाहीत. व्याज इथं करमुक्त आहे, जर्मनीत नाही. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो. व्याज-लाभांश मिळून वर्षाला १,००० युरोपर्यंत सूट आहे, त्यापुढं कर. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा कागदावर मागावा लागतो. म्हणून पहिल्याच वर्षी 'एनआरईत जास्त व्याज मिळतं' म्हणून सगळी शिल्लक इकडं ओतू नकोस.

भावाचं नाव लावायचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला होता. नियमापुरतं सांगायचं तर अनिवासी खात्यात इथल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव लावता येतं, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनं. म्हणजे तू आहेस तोवर खातं तुझंच आणि तुझ्यामागं ते त्याच्याकडं. मधल्या काळात त्याला व्यवहार करायचे तर तुझं मुखत्यारपत्र हवं. पण नियमाच्या आधी एक विचारते. तुझा पैसा काढायची गरज भावाला का पडावी? पत्रात त्याच्याविषयी तक्रार नाही, माझीही नाही. फक्त 'घरी पैसे पाठवणं' आणि 'माझी बचत' ही दोन कामं तुमच्या घरात एकाच पिशवीत घातली गेलीत, असं वाटलं.

ती वेगळी कर. महिन्याला जी रक्कम घरासाठी द्यायची ती ठरव आणि थेट आईच्या किंवा वडिलांच्या साध्या बचत खात्यावर पाठव. त्यासाठी एनआरईही लागत नाही. मुलीनं आई-वडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर नाही. तो पैसा त्यांचा झाला, त्याचा हिशेब मागायचा नाही. उरलेला तुझ्या एकटीच्या नावावर, एनआरईत किंवा जर्मनीत, आणि नॉमिनीची जागा मोकळी ठेवू नकोस. कर्जाचा हप्ता एनआरईतून आपोआप वळता करता येतो, म्हणजे दर महिन्याला कुणी कुणाला आठवण करायला नको.

याला जोडूनच जमिनीचं सांगते. तुझ्या नावावर आहेत ते २० गुंठे तुझेच राहतात. पण अनिवासी भारतीयाला नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मिळू शकते, खरेदीखतानं नाही. त्यामुळं 'तू पैसे पाठव, शेजारचं एक एकर तुझ्या नावावर घेऊ' हा बेत कायद्यात बसत नाही. घ्यायचीच असेल तर ती वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर होईल आणि तुझा पैसा त्यांना दिलेली भेट ठरेल. हे तुला मान्य असेल तर खुशाल दे, घरासाठी देणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात आणि सगळ्यांना पश्चात्ताप झाला नाही. पण सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार, हे आज अंगणात बसून बोललेलं बरं. तीन वर्षांनी सुट्टीवर आलीस की बोलणं जड जातं.

पलीकडचं सोपं आहे. जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचा दाखला त्याला लागतो. तो नोंदणीचा कागद हातात आला की बँकेचं दार उघडतं, आणि कर क्रमांक काही आठवड्यांत टपालानं येतो. बँक म्हणून मी तुला गावातली श्पारकासे किंवा फोल्क्सबँक बघायला सांगेन. पहिली नगरपालिका-जिल्ह्याच्या आधारानं चालणारी बचत बँक, दुसरी सहकारी. गंमत म्हणजे फोल्क्सबँकेच्या कुटुंबातल्या कित्येक बँकांच्या पाटीवर तुला 'राइफआयझेन' हे नाव दिसेल. एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या करणारा तो माणूस. भारतात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो याच नमुन्यावर. तेव्हा वडिलांना सांग, आपल्या विकास सोसायटीच्या आजोळी चाललेय.

अशा शाखेत महिन्याला थोडी फी पडते, पण समोर माणूस बसलेला असतो. नवख्या देशात पहिल्या वर्षी मला त्याची किंमत जास्त वाटते. मैत्रिणीचं ॲपही वाईट नाही, फक्त ते काय आहे ते बघून घे. एन-ट्वेंटी-सिक्स ही परवाना असलेली बँक आहे, तिथल्या १,००,००० युरोंपर्यंतच्या ठेवीला जर्मनीत संरक्षण आहे. वाइझ ही पैसे पाठवायची सेवा. घरी पाठवायला उत्तम, पण साठवण्याची जागा नव्हे. आपल्याकडं बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, तसाच हा फरक. आणि कुठली बँक तुला दारातूनच परत पाठवू लागली तर लक्षात ठेव, कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही मूलभूत खातं मागायचा हक्क तिथं २०१६ पासून आहे. त्याला बाझिसकोंटो म्हणतात.

आखातात जाणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथं पगाराचं खातं बहुतेकदा मालकच काढून देतो. एनआरओ-एनआरईची मात्र सुटका नाही.

राहिले ते पहिले सहा आठवडे. जर्मनीत पगार महिनाअखेर होतो, आणि महिन्याच्या मध्याला रुजू झालीस तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जाऊ शकतो. रुग्णालयाचं वसतिगृह मिळतंय का ते आजच ईमेल करून विचार. न मिळालं तर घरमालक अनामत मागेल, ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क फार जणांना माहीत नसतो, सगळे एकदम भरून मोकळे होतात. नोटांच्या रूपात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच चलन नेता येतं. पण तितकंही नेऊ नकोस. तीन-चारशे युरो रोख आणि बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर. तुझं डेबिट कार्ड अडीनडीसाठी, पण खातं एनआरओ झाल्यावर ते बाहेर चालतं का, हे बँकेत विचारून घे. चालत असेल तर त्याचा परदेशी वापर ॲपमधून आधी चालू करून ठेव, नाहीतर ते तिथं नुसतं प्लॅस्टिक. दुकानातलं मशीन 'रुपयांत की युरोत' असं विचारेल. युरोच दाब. रुपयांत दाबलंस की दर दुकानाच्या बाजूचा लागतो.

दर हा शब्द आलाच आहे, तर 'शून्य फी' या पाटीला भुलू नकोस. समजा बाजारात एक युरो १०० रुपयांना आहे आणि सेवा तुला ९७ नं देतेय. फी शून्य, पण १,००० युरो पाठवलेस की ३,००० रुपये गेले. फी कापून हातात किती रुपये पडणार एवढाच एक आकडा दोन-तीन ठिकाणी विचारायचा, बाकी जाहिरात वाचायची नाही.

आणि सिमकार्ड. हसू नकोस. माझ्याकडं परदेशातून आलेल्या दहा तक्रारींत चार-पाच याच्या असायच्या. रिचार्ज संपून इथला नंबर बंद पडतो, ओटीपी येत नाही, आणि स्वतःच्याच खात्याला हात लावता येत नाही. निघण्यापूर्वी एसएमएसपुरतं रोमिंग चालू करून घे, रिचार्जचं काम वडिलांवर सोपव. शिवाय बँकेला विचार, अनिवासी खात्याला जर्मनीचा नंबर जोडून देता का? परदेशी नंबरवर यूपीआय चालवायची सोय २०२३ मध्ये पहिल्यांदा दहा देशांसाठी निघाली, त्यात जर्मनी नव्हता. म्हणून इथला नंबर जिवंत ठेवणं तुला जास्तच गरजेचं.

एनआरई आत्ता नाही उघडलं तरी चालेल, पहिल्या पगारानंतर उघड. पण एनआरओसाठी बँकेत जाशील तेव्हा विचारून बघ. काही बँका व्हिसा आणि नोकरीचा करार पाहून दोन्ही अर्ज इथंच घेतात. तिथून उघडायचं तर कागद साक्षांकित करून टपालानं पाठवत बसावं लागतं.

त्या दिवशी वडिलांना बरोबर घेऊन जा. सोमवार टाळ, मिरजेत त्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसते. पासपोर्ट, व्हिसा, करार, पॅन कार्ड, दोन फोटो, जुनं पासबुक आणि कर्जखात्याचा क्रमांक. नॉमिनीचा रकाना वडिलांच्या समोर भर. आणि बँकेतून बाहेर पडलात की चहा घेताना त्या एक एकराचा विषय काढ.